दुसऱ्या रकान्यातले शब्द

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, ऑगस्टमधल्या एका सोमवारी, मुलुंडहून कांजूरमार्गकडे येणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी माझ्या बहिणीला नाव विचारले. बहीण म्हणाली, "हट्टी."

बाई साठीच्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी होती. त्या हसल्या. "असं कुठे नाव असतं का गं? खरं सांग."

"हट्टी," बहीण पुन्हा म्हणाली.

ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला पंचवीसेक शब्द बोलता येत होते आणि त्यातला एकही ती गंमत म्हणून वापरत नसे. पाणी म्हणजे पाणी, बस म्हणजे बस. मे महिन्यापर्यंत नाव विचारले की ती घरातले नाव सांगत असे. आई, वडील आणि चाळीतल्या दोन शेजारणी अशा चौघांना मी हे वेगवेगळे विचारले. चौघांनीही तेच सांगितले.

मुलुंडच्या ज्या खासगी शाळेत ती जात होती, तिच्या पाटीवर 'मतिमंद' हा शब्द होता. तो त्या काळी सरकारी कागदांवरही होता. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, माझीही नव्हती. शाळा एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर भरत असे. चार खोल्या आणि पुढे हॉल. जूनपासून तिथे 'वर्तन-वर्ग' नावाचा नवा वर्ग सुरू झाला होता. नऊ मुले, एक सर, एक मदतनीस बाई.

सर तिशीचे होते, मानसशास्त्रातले एम. ए. होते आणि घाटकोपरहून येत. काम केले की मुलाला पुठ्ठ्याची पिवळी चकती मिळे. पाच चकत्या झाल्या की चिक्कीचा तुकडा. काम केले नाही तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची. चकत्या सरांनी स्वतः घरी कापून आणल्या होत्या आणि मुलांच्या बोटांना लागू नयेत म्हणून त्यांच्या कडा घासल्या होत्या. हेही नोंदवले पाहिजे.

रोज प्रत्येक मुलाची नोंदवही घरी येई. पानावर तीन रकाने छापलेले होते. पहिला, आधी काय घडले. दुसरा, विद्यार्थ्याने काय केले. तिसरा, त्यानंतर काय घडले. खाली दोन सह्या, एक सरांची आणि एक घरच्यांची. दर शनिवारी साडेअकराला पालक हॉलमध्ये जमत. सर आठवडाभराच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवत. मुले समोर सतरंजीवर बसलेली असत. चांगली नोंद आली की टाळ्या वाजत. याला 'शनिवारचे वाचन' म्हणत, आणि त्याने मुलांना हुरूप येतो असे शाळेचे म्हणणे होते.

दिवाळीच्या सुटीआधी या नोंदींवरून आढावा व्हायचा होता. आढाव्यात दोनच शेरे मिळत, 'वर्गात ठेवावे' किंवा 'घरी ठेवावे'. याआधी दोन शाळांनी बहिणीला परत पाठवले होते. आमच्या पोचण्याच्या अंतरात तिसरी हीच होती. वडील गिरणी सुटल्यापासून भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन होते, दिवसपाळीला. 'घरी ठेवावे' याचा आमच्यासाठी अर्थ एवढाच होता, की दहा बाय बाराच्या खोलीत आई आणि ती, दाराला आतून कडी, कारण दार उघडे राहिले तर ती थेट आग्रा रोडवर जाऊन बसची वाट बघत उभी राही.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. पाळी दुपारची असल्यामुळे बहिणीला शाळेत पोचवणे आणि आणणे माझ्याकडे होते. वहीवर सही करणेही माझ्याकडेच होते.

त्या सोमवारी घरी आल्यावर मी नोंदवही पहिल्या पानापासून वाचली. दुसऱ्या रकान्यात हे शब्द होते: हट्टी. हट्टीपणा केला. नाटक केले. लबाडी. मुद्दाम. आळशी. लक्ष वेधण्यासाठी ढोंग. पुन्हा हट्टी. पहिला रकाना बहुतेक पानांवर रिकामा होता. तिसऱ्यात एकच शब्द होता, खुर्ची.

प्रत्येक पानाखाली माझी सही होती. दहा आठवडे मी सकाळी चहा पिता पिता, न वाचता सह्या केल्या होत्या.

आई तांदूळ निवडत होती. "काय लिवल्यानी आज?" तिने रोजच्यासारखे मालवणीत विचारले.

"नेहमीचंच."

"बरा लिवल्यानी मां?"

मी हो म्हणाले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी सरांना व्हरांड्यात गाठले. बहीण माझ्या शेजारी दप्तराचा पट्टा धरून उभी होती.

"सर, काल 'हट्टी' लिहिलंय. तिने नक्की काय केलं?"

"हट्टीपणा केला."

"म्हणजे काय केलं?"

"ताई, तुम्ही पेपरवाल्या ना? तुम्हाला सगळ्याची हेडलाइन लागते. इथे सायन्स आहे."

"सायन्स आहे म्हणूनच विचारतेय. किती वाजता, काय केलं?"

सरांनी सुस्कारा सोडला. "पाच वेळा सांगितलं, लाल ठोकळा उचल. उचलला नाही. तोंड फिरवून बसली."

"मग तसंच लिहा ना. ठोकळा उचलला नाही, तोंड फिरवलं."

"नऊ मुलं आहेत. प्रत्येकाचं महाभारत लिहीत बसू का?"

"ती नाव विचारलं की हट्टी सांगते. तिला ऐकू येतं, सर. तिला कळतं."

"कळत असतं तर इथे आली असती का?" सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी बहिणीकडे पाहिलेही नाही. मग ते शबनम पिशवी खांद्याला लावून निघाले, कारण त्यांची बस यायची होती.

हे वाक्य मी बसच्या तिकिटाच्या मागे वेळेसह लिहून घेतले. एक वाजायला दहा मिनिटे. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे. सरांना याची किंमत मोजायला लावायची, हे मी बस विक्रोळीच्या अलीकडे, कांजूरच्या थांब्यावर येईपर्यंत ठरवले होते. सुधारणा, समज, संवाद असले काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हते. नंतर मी तसे सांगितल्याचे काही पालकांना आठवते. ते खरे नाही.

संधी शाळेनेच दिली. वर्गाचा एक नियम होता. प्रत्येक मुलाच्या घरच्या एका माणसाने सत्रातून एक आठवडा वर्गात मागे बसायचे, कोऱ्या फॉर्मवर निरीक्षण लिहायचे आणि शनिवारी ते स्वतः वाचून दाखवायचे. घरी पद्धत कळावी, हा हेतू. बहुतेक पालक टाळत. मी मुख्य बाईंकडे अर्ज दिला. त्या पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या, शाळेचा सगळा भार एकटीने ओढणाऱ्या बाई होत्या. त्यांना बरे वाटले.

"सुशिक्षित घरांनी पुढाकार घेतला की बाकीचे येतात," त्या म्हणाल्या.

फॉर्मवर पहिली ओळ होती, 'ज्याचे निरीक्षण करायचे त्याचे नाव'. विद्यार्थ्याचेच नाव हवे असे कुठेही छापलेले नव्हते. मी तिथे 'सर' असे लिहिले.

सोमवार ते शुक्रवार, रोज दोन तास, मी भिंतीला टेकून छोट्या स्टुलावर बसले आणि मनगटावरचे घड्याळ बघून लिहीत राहिले. बहीण पहिल्या दिवशी सतत मागे वळून माझ्याकडे बघत होती. मंगळवारपासून तिने ते सोडले. सरांच्या हातात लाकडी फूटपट्टी असे. वर्गाचे लक्ष हवे असले की ते ती टेबलावर आपटत. मदतनीस बाई चोवीस-पंचवीसच्या होत्या, त्या मुलांशी बोलताना जमिनीवर बसत. एखाद्या मुलाने काम टाकले की त्या विचारत, "नको झालं का? जरा थांबूया का?" सर त्यांना म्हणत, "बाई, लाडावू नका."

शुक्रवारी ऑफिसात मी पक्की प्रत काढली आणि आमच्या मुख्य उपसंपादकांना दाखवली. डेस्कवर मी त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते. विशेषण दिसले की ते निळ्या पेन्सिलीने कापत आणि म्हणत, हे तुझं मत आहे, बातमी सांग. त्यांनी माझे चार कागद उभ्याने वाचले.

"घटना, वेळ सगळं पक्कं?"

"पक्कं."

"आणि ही विशेषणं? हट्टी, नाटकी, ढोंगी? तू लिहिलीस?"

"त्यांच्याच वहीतली आहेत. त्यांना लावली."

ते खुर्चीत बसले. "तुला बातमी पाहिजे की बदला?"

"बदला."

"मग राहू दे," ते म्हणाले आणि कागद परत दिले.

शनिवारी हॉलमध्ये बारा-तेरा पालक होते. आई आली नव्हती, तिला कधी न्यायचा प्रश्न आला नव्हता. मुख्य बाई पहिल्या रांगेत. सर बाजूला टेबलाशी. मुले सतरंजीवर. सरांनी माझी ओळख करून दिली, "ताई पेपरात असतात, तेव्हा भाषा छान असणार."

मी वाचायला सुरुवात केली.

"सोमवार, दहा पाच. चहा आलेला नव्हता. सरांनी तीन वेळा दाराकडे पाहिले, एका मुलाच्या हातातून ठोकळा काढून घेतला. हट्टीपणा. त्यानंतर चहा देण्यात आला. सर शांत झाले."

मागून कोणीतरी हसले. बहुधा घाटकोपरचे एक बस कंडक्टर असावेत, त्यांचा मुलगा याच वर्गात होता.

"मंगळवार, पावणेअकरा. मुख्य बाई दारातून डोकावल्या. सरांनी आवाज वाढवला व मुलाच्या पाठीवर हात फिरवला. मुख्य बाई गेल्यावर हात काढला. लक्ष वेधण्यासाठी ढोंग."

आता हॉल हसत होता. मुख्य बाईंनी चष्मा काढला.

"बुधवार, सव्वादहा. मदतनीस बाईंनी सरांना आज तारीख कोणती ते सांगितले. तीन वेळा सांगूनही सरांनी फळ्यावरची तारीख बदलली नाही. हट्टी. गुरुवार, दहा चाळीस. पट्टी सापडत नव्हती. सरांनी कपाट दोनदा उघडून आपटले. नाटक. पट्टी मिळाल्यावर ती टेबलावर आपटली. हट्टी."

मी न थांबता चारही कागद वाचले. डेस्कवर प्रूफ वाचताना जसा सपाट आवाज लागतो, तसाच ठेवला होता. त्या आवाजाने लोक जास्त हसतात, हे मला माहीत होते. एका बाईंनी पदराने डोळे पुसले. कंडक्टर मोठ्याने म्हणाले, "ताई, झकास. पुढच्या वेळी आमच्या डेपो मॅनेजरच्या मागे बसा." सरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. ते मला स्पष्ट दिसत होते. मी बघत होते ते फक्त त्यांच्याकडे.

शेवटचा कागद संपल्यावर मी सतरंजीकडे वळले. बहीण तिथे नव्हती.

हॉलमधून वर्गाची खोली दिसत असे, मधले दार उघडे होते. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती.

मदतनीस बाई माझ्याजवळ आल्या. त्या हळू बोलल्या. "तुम्ही पहिल्यांदा 'हट्टी' म्हणालात तेव्हाच ती उठली. मी हात धरून परत आणून बसवलं. दुसऱ्यांदा म्हणालात, परत गेली. परत आणलं. तिसऱ्यांदा मग मी नाही आणलं. तिला वाटत होतं, तिलाच सांगताय. आवाज तुमचा होता ना."

नंतर मी कागदांवर मोजले. तो शब्द मी अकरा वेळा वाचला होता.

सरही दारापाशी आले. त्यांनी खोलीत पाहिले, मग माझ्याकडे. अजून त्यांचे कान लाल होते. "बघा ताई," ते म्हणाले, "पद्धत चालते. शिकली ना ती."

घरी मी आईला सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"तू पण तसाच बोललंस?"

"सरांना बोलले."

"आणि चेडू थयच होता?"

"हो, तीही तिथेच होती."

"मगे तुझ्यात नि तेंच्यात फरक काय ता?" एवढे म्हणून तिने भाकरी उलटली.

रविवारी मी मुख्य बाईंना पत्र लिहिले. वृत्तपत्रात चूक झाली की दुरुस्ती छापतात, तशी पहिली दोन वाक्ये होती: माझ्या शनिवारच्या अहवालात सरांविषयी वापरलेली सर्व विशेषणे मी मागे घेत आहे. वेळा व घटना कायम आहेत. तिसरे वाक्य असे: यापुढे नोंदवहीच्या दुसऱ्या रकान्यात विशेषण असल्यास मी सही करणार नाही.

नोंदवहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन सूचना छापलेल्या होत्या. एक, जे दिसले व ऐकू आले तेवढेच लिहावे. दोन, दोन्ही सह्या नसलेली नोंद आढाव्यात धरली जाणार नाही. सरांना हा वर्ग पुढच्या वर्षी पक्का हवा होता आणि त्यासाठी नऊही मुलांच्या नोंदी पुऱ्या असणे आवश्यक होते. ही माहिती मला मदतनीस बाईंकडून मिळाली होती, मुख्य बाईंनी तिला दुजोरा दिला.

सोमवारी मुख्य बाईंनी मला ऑफिसात बसवले. पत्र समोर होते.

"सही नसेल तर दिवाळीला तुमच्या बहिणीचा कागदच उभा राहणार नाही. तिची जागा जाईल. बाहेर वीस पालक थांबलेत."

"सरांचाही कागद उभा राहणार नाही."

"तुम्ही हे तिच्यासाठी करताय की त्यांच्याविरुद्ध?"

"त्यांच्याविरुद्ध."

"तिला मध्ये ठेवून?"

बाईंनी चष्म्याची साखळी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "आणि शनिवारचं वाचन?" त्यांनी विचारले.

"ती हॉलमध्ये बसणार नाही. इतरांच्या मुलांचं इतरांनी ठरवावं."

"दुसरं काही?"

"त्यांनी आधीची पानंही पुन्हा लिहावीत."

"ते मी सांगणार नाही. त्यांना पुढचं लिहू दे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला थांबायचं कुठे ते कळत नाही." मग त्यांनी सरांना बोलावले आणि सूचनेची ओळ मोठ्याने वाचायला लावली. सरांनी ती वाचली.

त्या आठवड्यापासून मी लाल पेन्सिल वापरू लागले. विशेषणाभोवती गोल करायचा, सही न करता वही परत पाठवायची. मंगळवारी 'हट्टी' होता. गोल. बुधवारी त्याच्या जागी 'असहकार्य' आला. गोल. गुरुवारी 'मुद्दाम ठोकळा टाकला'. मी 'मुद्दाम'भोवती गोल केला आणि बाजूला लिहिले, हे दिसले कसे? शुक्रवारी सरांनी लिहिले, 'ठोकळा टाकला'. मी सही केली. मग पहिल्या रकान्यात रिकामी जागा दिसली म्हणून तिलाही गोल केला आणि ती सही खोडली.

मला यात आनंद होत होता. रोज सकाळी वही उघडताना आज गोल करायला काही असावे, अशी माझी इच्छा असे.

"तुम्ही मला शिकवताय?" एकदा व्हरांड्यात सर म्हणाले.

"डेस्कवर बातमीची तपासतो तशी कॉपी तपासतेय."

"मी रोज एक तास जास्त थांबतो याच्यामुळे. माहितीये?"

"मला दोन तास लागायचे, नवीन असताना."

"तुमच्या बहिणीचं काही भलं होतंय का याने?"

"पहिला रकाना भरा, मग बघू."

सप्टेंबरच्या शेवटी कंडक्टरनी आपल्या मुलाची वही लाल बॉलपेनने परत केली. "गोल मला पण जमतात," ते बसथांब्यावर मला म्हणाले. "लिहिलं होतं 'आळशी'. अहो, ह्याला झटके येतात, गोळी घेतली की डुलक्या काढतो. आळशी कसला, यार." आणखी दोन घरांनी तसेच केले. मुख्य बाईंनी शनिवारचे वाचन मुलांसमोर करणे बंद केले. हे त्यांनी नोटीस न लावता केले. पालक हॉलमध्ये आणि मुले मदतनीस बाईंबरोबर मागच्या अंगणात, एवढाच बदल दिसला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला रकाना नियमित भरला जाऊ लागला. त्यात काय यावे हे मी सांगितले नव्हते. आधी काय घडले, एवढाच छापील प्रश्न होता आणि विशेषण न वापरता त्याचे उत्तर द्यायचे होते. सरांच्या अक्षरात, त्यांच्या सहीनिशी, ओळीने असे येऊ लागले:

मी टेबलावर पट्टी आपटली. विद्यार्थिनीने कान झाकले, तोंड फिरवले.

मी मोठ्याने नाव घेतले. विद्यार्थिनीने काम टाकले.

मी पट्टी आपटली. विद्यार्थिनीने ठोकळा उचलला नाही.

मदतनीस बाईंनी ठोकळा हातात दिला. विद्यार्थिनीने तो डब्यात ठेवला.

मी या पानांवर सह्या केल्या. गोल करायला काही नव्हते. पट्टीची नोंद एकामागून एक येत होती आणि सरांना ती दिसत नसेल असे नव्हते. तरी त्यांनी ती गाळली नाही. खोटे लिहिणे त्यांना सहज शक्य होते, वर्गात तपासायला कोणी नव्हते. त्यांनी ते का केले नाही, याची माहिती माझ्याकडे नाही. महिन्याच्या मध्यानंतर पट्टीच्या नोंदी कमी झाल्या. शेवटच्या आठवड्यात एकच होती.

आढावा दिवाळीच्या सुटीच्या आदल्या शनिवारी झाला. मुख्य बाई, शाळेचे एक डॉक्टर विश्वस्त, सर आणि मी. आईला मी या वेळी बरोबर नेले होते. ती दाराजवळच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर धरून बसली. बहीण अंगणात होती.

डॉक्टरांनी वह्यांची दोन पुडकी पुढ्यात घेतली, ऑगस्टपर्यंतचे आणि नंतरचे. पहिले पुडके चाळून ते म्हणाले, "यात हट्टी मुलगी आहे." दुसरे बराच वेळ वाचले. मग ते सरांना म्हणाले, "ऑक्टोबर तुम्हीच वाचा. मला तुमचं अक्षर नीट लागत नाही."

अक्षर स्वच्छ होते. सरांनी वही घेतली.

त्यांनी पहिल्या तारखेपासून वाचले. मी पट्टी आपटली. मी नाव घेतले. मी पट्टी आपटली. मी खुर्चीकडे नेले. आवाज सपाट होता. दुसऱ्या पानावर ते पाण्यासाठी थांबले. खोलीत कोणीही हसत नव्हते. मी खिशातल्या कागदावर मोजत होते. हे मी ऑगस्टमध्ये बसमध्ये ठरवले होते त्यापेक्षा जास्त होते आणि मला ते पुरे वाटत नव्हते. तिसऱ्या पानावर आई मालवणीत माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुरे आता. तेका बसूक सांग."

त्या काय म्हणाल्या, असे डॉक्टरांनी विचारले. मी सांगितले, "आई म्हणतेय, सरांनी बसावं."

सर बसले. उरलेली पाने डॉक्टरांनी मनात वाचली. त्यांनी विचारले, "पट्टी नसते त्या दिवशी ही मुलगी काय करते?"

"काम करते," सर म्हणाले.

"किती?"

"सांगितलं तेवढं. कधी जास्त."

आढाव्याच्या कागदावर 'वर्गात ठेवावे' असे लिहिले गेले. त्यावर डॉक्टरांची, मुख्य बाईंची, सरांची आणि आईची सही आहे. माझी नाही. पेन माझ्यापर्यंत आले तेव्हा आईने ते मधेच घेतले आणि सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले.

सुटीनंतर सर शाळेत आले नाहीत. राजीनामा एका ओळीचा होता, मुख्य बाईंनी तो मला वाचू दिला. त्यात कारण दिलेले नव्हते. वर्ग मदतनीस बाईंकडे गेला. बहीण त्या वर्गात आणखी चार वर्षे होती.